अक्षर माझेच होते

आमच्या खानदानात कुणालाही काही लिहून हवे असले की कागद माझ्याकडे येतो. रेशनकार्डावरचे नाव कमी करायचे असो, शाळेच्या दाखल्यातली जन्मतारीख दुरुस्त करायची असो, नगरपालिकेला नळाचा अर्ज असो, नाहीतर निकाहाची पत्रिका मराठीत छापायची असो. अब्बांच्या पिढीत कुणी सातवीच्या पुढे गेले नव्हते. मी डी. एड. झालो, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत लागलो आणि घरात 'मास्तर' झालो. मोहल्ल्यातही तेच नाव पडले. "मास्तर, जरा दोन ओळी लिहून दे" हे वाक्य मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत ऐकत आलो. 2019 साली निवृत्त झालो, तरी ते थांबलेले नाही.

या शेकडो अर्जांपैकी बहुतेक मला आठवत नाहीत. एक मात्र तोंडपाठ आहे. तो फुलस्केपच्या एकाच पानावर होता. तो लिहिला तेव्हा मला वाटले होते की मी दोन गरिबांचे भले करतो आहे. त्याच कागदाची ही हकिगत आहे.

माझी मोठी बहीण, आपा, मिरजेला दिली. दुल्हेभाई तरुणपणीच मागावर काम करायला भिवंडीला गेले. मागाचा धंदा बसत गेला तसे त्यांनी काम बदलले. भिवंडीच्या वेशीबाहेर मानकोली, वळ, दापोडा, पूर्णा या गावांत तोवर शेतांच्या जागी गोदामे उभी राहिली होती. मुंबईच्या जकात नाक्याच्या अलीकडे माल ठेवायचा आणि लागेल तसा शहरात न्यायचा, असा तो हिशेब. पत्र्याचे उंच छप्पर, सिमेंटची जमीन आणि समोर ट्रकांची रांग. अशाच एका गोदामात दुल्हेभाई ठेकेदाराकडे लागले. महिना 4,200 रुपये. हजेरीची वही ठेकेदाराची, माल कंपनीचा. भविष्य निर्वाह निधी नाही, राज्य विमा योजनेचे कार्ड नाही. आपा मुलांना घेऊन मिरजेलाच राही. ते महिन्याकाठी पैसे पाठवत आणि ईदला येत.

2007 सालच्या ऑगस्टमध्ये पावसाचे दिवस होते. दुपारी एक ट्रक लागला होता आणि तो संध्याकाळच्या आत भरून काढायचा होता. फोर्कलिफ्ट चालवणारा नेहमीचा माणूस रजेवर होता. त्याच्या जागी उत्तरेकडचा एक पोरगा बसवला होता, वय असेल वीस-एकवीस. तो मूळचा हमाल. फावल्या वेळात बघून बघून गाडी शिकलेला. दुल्हेभाईंना तो चाचा म्हणे. पॅलेटवर खोकी इतकी उंच रचलेली की बसलेल्याला समोरचे काही दिसत नव्हते. म्हणून सुपरवायझरने दुल्हेभाईंना सांगितले, "तुम्ही बाजूला उभे राहून त्याला हात दाखवा." ते गाडीच्या उजव्या अंगाला, मागच्या चाकाजवळ उभे राहिले. त्यांच्या पाठीशी लोखंडी रॅकचा खांब होता. पोराने गाडी डावीकडे वळवली. गाडीचे तोंड डावीकडे गेले आणि पाठ उजवीकडे आली. दुल्हेभाईंचा उजवा पाय चाक आणि खांब यांच्यामध्ये सापडला.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला हे नीट समजावून सांगितले. तो चाकणच्या एका कारखान्यात रीतसर शिकून फोर्कलिफ्ट चालवतो. तो म्हणाला, "सर, लोकांना ही छोटी गाडी वाटते. तीन टन उचलणारी गाडी स्वतः चार टनांहून जड असते. पुढचा माल तोलायला मागे लोखंडाचं वजन घातलेलं असतं. आणि मोटारीसारखी ती पुढच्या चाकांनी वळत नाही, मागच्या चाकांनी वळते. त्यामुळे वळताना शेपूट बाहेर फेकली जाते. मागच्या बाजूला उभं राहणाऱ्याला ते कळत नाही. समोरचं दिसत नसेल तर गाडी रिव्हर्समध्ये चालवायची, हा पहिला नियम. माणूस उभा करायचाच असेल तर चालवणाऱ्याला दिसेल असा, आणि गाडीपासून लांब. हॉर्न चालू हवा. माणसांच्या वाटेला पिवळे पट्टे हवेत." मी विचारले, "आणि हे काहीच नसेल तर?" तो म्हणाला, "तर आज नाही उद्या कुणाचा तरी पाय जाणारच."

त्या गोदामात पट्टे नव्हते आणि गाडीचा हॉर्न महिनाभर बंद होता. पण हे सगळे मला नंतर कळले.

मी भिवंडीला पोहोचलो तेव्हा अपघाताला आठ दिवस झाले होते. दवाखान्यात पाय वाचवायचा प्रयत्न झाला, पण मांस काळे पडत गेले आणि सहाव्या दिवशी गुडघ्याखाली पाय कापावा लागला. दुल्हेभाई भिंतीकडे तोंड करून पडले होते. आपा पायथ्याशी बसून तसबीह ओढत होती. मला पाहून ते एवढेच म्हणाले, "आ गया मास्तर?"

ठेकेदार आणि सुपरवायझर दोघेही रोज येत होते. फळे आणत, डॉक्टरांशी बोलत. बिल त्यांनीच भरले होते. माणसे वाईट वाटत नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बाहेर चहाला नेले. ठेकेदार म्हणाला, "गुरुजी, तुम्ही शिकलेले आहात म्हणून तुमच्याशी बोलतो. केस झाली तर पोलीस आधी पोराला उचलतील. त्याच्याकडे लायसन नाही. तो आत जाईल, तुमच्या पाहुण्यांच्या हाती काही पडणार नाही. कोर्टात दहा वर्षं जातील. त्यापेक्षा माणुसकीनं मिटवू. दवाखान्याचा खर्च आम्ही केलाच आहे. वर 35,000 देतो. फक्त एक कागद लागेल."

मी आत येऊन दुल्हेभाईंना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बच्चा है रे, मास्तर. उसकू मत फसा." तो पोरगा आदल्या रात्री येऊन त्यांच्या उशाशी रडून गेला होता. गावी त्याची विधवा आई होती. आपा म्हणाली, "नसीब में था, हो गया. पराये के बच्चे की हाय कायकू लेने की?"

मी कागद घेतला. ठेकेदार तोंडाने सांगत होता आणि मी शुद्ध मराठीत उतरवत होतो. 'मी माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे चालत्या फोर्कलिफ्टच्या मागे गेलो व त्यामुळे मला दुखापत झाली. यात चालकाचा, ठेकेदाराचा वा कंपनीचा कोणताही दोष नाही. मला माणुसकीच्या नात्याने रुपये 35,000 मिळाले असून यापुढे माझी अथवा माझ्या वारसांची कसलीही मागणी राहणार नाही.' यातला 'माणुसकीच्या नात्याने' हा शब्दप्रयोग तेवढा माझा स्वतःचा. ठेकेदाराने 'मदत म्हणून' सांगितले होते. मला ते रुक्ष वाटले.

दुल्हेभाईंनी सही केली. साक्षीदार म्हणून मी सही केली. पोरगा पोलिसांपासून वाचला. पण आठवड्याच्या आत ठेकेदाराने त्यालाही कामावरून काढून टाकले. हे आम्हाला ईदनंतर कळले.

महिन्याभरात रमजान आला. दुल्हेभाईंना मिरजेला आणले होते. 35,000 पैकी निम्मे औषधांत आणि आधीच्या उधारीत गेले. मोहल्ल्यातल्या लोकांनी आपापसात बोलून जकातीचे पैसे काढले. मशिदीच्या जमातीतले दोघे पाकीट घेऊन आले. देणाऱ्यांचे काही चुकले नाही. ज्याच्या घरात चूल अडली आहे त्याला द्यावे, हेच आपल्याला शिकवले आहे. पण दुल्हेभाई आयुष्यभर देणाऱ्यांत बसलेले. भिवंडीत स्वतः डाळभात खाऊन दर रमजानला घरातल्या माणसांमागे मोजून फित्रा पाठवणारे. पाकीट आले तेव्हा त्यांनी चादर तोंडावर ओढून घेतली. घेतले ते आपाने. त्या वर्षी ते ईदच्या नमाजला गेले नाहीत. पाय नाही म्हणून गेले नाहीत, असे सगळ्यांना वाटले.

पुढे त्यांनी जयपूर पाय बसवून घेतला. त्यावर मांडी घालता येते, उकिडवे बसता येते. तरी सजद्यात जाताना त्रास होई, म्हणून ते मशिदीत शेवटच्या सफीत खुर्चीवर नमाज पढू लागले. घराच्या ओट्यावर बिस्किटे-गोळ्यांचे छोटे दुकान टाकले. आपा शिवणकाम करू लागली. थोरल्या पोराने अकरावीला कॉलेज सोडले. मी शिक्षक, माझ्याच भाच्याचे शिक्षण सुटले. मी त्याला दोन शब्द सांगू शकलो नाही.

2010 च्या मे महिन्यात शेजारच्या एका पोराचा अंगठा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत प्रेस मशिनखाली गेला. त्याचे वडील माझ्याकडे आले. "मास्तर, मालक कागद मागतोय. लिहून दे." का कोण जाणे, या वेळी माझा हात उचलला नाही. मी त्यांना म्हटले, आधी एखाद्या वकिलाला विचारू. आम्ही सांगलीला कामगारांची कामे पाहणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेलो.

बाईंनी एक जुने, कडा झिजलेले पुस्तक काढले. 1923 सालचा कामगार नुकसान भरपाई कायदा. 1924 च्या 1 जुलैपासून लागू. मी तारीख दोनदा विचारली. म्हणजे माझ्या अब्बांच्या जन्माआधीपासून हा कायदा देशात होता. पुस्तकाच्या शेवटी एक यादी होती. अंगठा गेला तर कमाईची ताकद 30 टक्के गेली असे धरायचे. तर्जनी पूर्ण गेली तर 14, मधले बोट 12. गुडघ्याखाली पाय गेला आणि खुंट नऊ सेंटिमीटरहून जास्त उरला असेल तर 50.

ती यादी ऐकून मला प्रथम कसेसेच झाले. माणसाच्या अवयवांचा हा दरफलक. मग आठवले की आपल्या फिक्हच्या किताबांतही अशीच यादी आहे. एका बोटाची दियत दहा उंट, हे मी लहानपणी मौलवीसाहेबांच्या तोंडून ऐकले होते. चौदाशे वर्षांपूर्वीच्या अरबस्तानात बोटाला काय द्यायचे हे मला पाठ होते. माझ्या जिल्ह्यात, माझ्या भाषेत, माझ्या मेहुण्याच्या पायाला काय द्यायचे हे मात्र मला ठाऊक नव्हते. यादीचा उपयोगही तेव्हा कळला. यादी असली की घासाघीस करता येत नाही. दवाखान्याबाहेर चहाच्या टपरीवर पायाची किंमत ठरत नाही.

मी बाईंना दुल्हेभाईंची हकिगत सांगितली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला अजून आठवतो. "अपघात कामाच्या ठिकाणी, काम करताना झाला ना?"

"हो."

"मग चूक कुणाची ते मला का सांगताय?"

मी गोंधळलो. बाई म्हणाल्या, "या कायद्यात चूक कुणाची हे मुळात बघतच नाहीत. कामावर असताना, कामामुळे अपघात झाला, तीन दिवसांच्या वर काम बुडालं, की मालकाचं देणं लागू झालं. कामगार दारू पिऊन असेल, सुरक्षेसाठी दिलेला हुकूम त्यानं मुद्दाम मोडला असेल किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं असेल, तरच मालक हात वर करू शकतो. तेही मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर चालत नाही. बाकी साधा निष्काळजीपणा कुणाचाही असो. पोराचा असो, तुमच्या पाहुण्यांचा असो, भरपाई द्यावीच लागते. पोलिसांची फौजदारी वेगळी, ही भरपाई वेगळी. पोराचं नावसुद्धा घ्यायची गरज नव्हती."

मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. दुल्हेभाईंनी त्या पोराला वाचवण्यासाठी स्वतःवर आळ घेतला. तो आळ घेण्याची गरजच नव्हती. पोराला वाचवूनही पायाची भरपाई मिळाली असती.

बाईंनी मग पेन्सिलीने हिशेब केला. पगार 4,200, पण 2007 साली कायदा जास्तीत जास्त 4,000 धरायचा. त्याचे 60 टक्के म्हणजे 2,400. वय 40 पूर्ण, त्याचा कायद्याच्या तक्त्यातला आकडा 184.17. गुणाकार 4,42,008. कमाईची ताकद निम्मी गेली, म्हणून त्याच्या निम्मे. 2,21,004 रुपये. एका महिन्यात दिले नाहीत तर वर साल 12 टक्के व्याज आणि कारण नसताना अडवले तर दंड वेगळा.

"पण त्यांनी लिहून दिलंय," मी म्हणालो. कुणी लिहिले ते सांगितले नाही.

बाईंनी पुस्तकात कलम 17 काढून दाखवले. कामगाराने आपला भरपाईचा हक्क सोडल्याचा किंवा कमी केल्याचा कोणताही करार त्यापुरता रद्दबातल. "असल्या कागदाला कायद्यात किंमत नाही," त्या म्हणाल्या. "तडजोड करायची तर तिची नोंद आयुक्तांकडे करावी लागते. रक्कम कमी वाटली किंवा फसवणूक दिसली तर ते नोंद नाकारू शकतात. हा कागद कामाचा असतो तो फक्त एवढ्यासाठी, की लिहून देणाऱ्याला वाटावं, आता सगळं संपलं."

ते काम माझ्या कागदाने पावणेतीन वर्षे चोख केले होते.

दावा दोन वर्षांत करायचा असतो. ती मुदत टळली होती. पण उशिराला पुरेसे कारण असेल तर आयुक्त तो माफ करू शकतात, असे बाई म्हणाल्या. अपघात भिवंडीत झाला तरी अर्ज कामगार राहतो तिथे करता येतो, त्यासाठी ठाण्याला खेपा घालायची गरज नाही, हेही कळले. आयुक्त म्हणजे आपल्याकडे न्यायाधीशच असतात. बाई म्हणाल्या, "एक अडचण आहे. तो कागद समोर येणार. लिहिणाऱ्याला साक्षीला यावं लागेल. तो येईल का?"

मी म्हणालो, "येईल."

मिरजेला जाऊन हे सांगणे कोर्टात सांगण्यापेक्षा कठीण गेले. दुल्हेभाई दुकानात बसले होते. मी सगळा हिशेब सांगितला. ते रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, "आता कशाला उकरतोस? आपण जबान दिली होती." मी म्हणालो, "जबान खोट्यावर दिली होती, दुल्हेभाई. ते खोटं मी लिहिलं." आपा शिलाईचे मशीन थांबवून ऐकत होती. ती नवऱ्याला नाही, मला म्हणाली, "भाई, तुला त्या वेळी कुणाला विचारावंसं नाही वाटलं?" तिच्या आवाजात राग नव्हता. या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. मला वाटले होते की मराठी लिहिता येते म्हणजे सगळे कळते.

शेवटी आपानेच अर्जासाठी आग्रह धरला. ती म्हणाली, "जकात हमने ली ना? वो शरम की बात नहीं थी. पर अपना हक छोडके ली, ये शरम की बात है."

अर्ज झाला. कंपनी म्हणाली, हा आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे. त्याला कलम 12 चे उत्तर होते. ज्याच्या धंद्याचे काम ठेकेदारामार्फत चालते त्याने भरपाई द्यायची आणि नंतर हवे तर ठेकेदाराकडून वसूल करायची. मग ते म्हणाले, गोदाम म्हणजे कारखाना नव्हे. गोदामात माल हाताळणारा माणूस कायद्याच्या यादीत आधीपासून होता. बाईंनी आणखी एक मुद्दा मांडला. 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराच्या बाबतीत म्हटले होते की डावा हात गेल्यावर सुतार सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याची कमाईची ताकद पूर्ण गेली असे धरणे योग्य आहे. दुल्हेभाईंनाही तसे धरावे. ते मान्य झाले नाही, कारण ते दुकानात बसून काही कमावत होते. 50 टक्केच धरले गेले.

माझ्या साक्षीच्या दिवशी समोरच्या वकिलांनी तो फुलस्केपचा कागद माझ्या हाती दिला. चार वर्षांनी मी तो पाहत होतो. अक्षर सुंदर होते. शाळेत फळ्यावर सुविचार लिहितो तसे.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"आपण शिक्षक आहात. मुलांना खरं बोलायला शिकवत असाल?"

"हो."

"मग यात लिहिलंय ते खरं की खोटं?"

मी म्हणालो, "खोटं. ते मला सांगितलं गेलं आणि मी लिहिलं. माणुसकीच्या नात्याने हे शब्द तेवढे माझे."

त्यांना वाटले मी उलटून बोलतो आहे. मी खरेच सांगत होतो.

2013 च्या मार्चमध्ये निकाल लागला. आधी दिलेले 35,000 वजा करून उरलेले 1,86,004 रुपये, वर सुमारे साडेपाच सालांचे व्याज. दंड लावला नाही. एकूण रक्कम तीन लाखांच्या वर गेली. चेक हातात आला तेव्हा दुल्हेभाईंनी वकीलबाईंना एकच विचारले, "बाईसाहेब, यात कुणाचे उपकार नाहीत ना?" बाई म्हणाल्या, "नाही. हा तुमचा हक्क आहे." त्यांनी चेकची घडी न घालता तो वहीत ठेवला. त्या वर्षी रमजानमध्ये त्यांनी घरातल्या माणसांमागे मोजून फित्रा काढला आणि स्वतः चालत जाऊन दिला. भाच्याचे कॉलेज मात्र परत आले नाही. तो आता मिरजेत रिक्षा चालवतो. काही गोष्टींना व्याज लागत नाही.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण आहे. गोदामे आता आणखी मोठी झाली आहेत. मोबाईलवर मागवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दारात येते, ती अशाच कुठल्यातरी रॅकवरून उतरलेली असते. आपल्या मोहल्ल्यातली कितीतरी पोरे भिवंडीत, पनवेलमध्ये, चाकणला या कामावर आहेत. बहुतेकांना ठेकेदाराचे नाव माहीत असते, कंपनीचे नसते. कायदाही बदलत गेला. 2009 च्या दुरुस्तीने उपचाराचा खर्च मालकावर टाकला. पगाराची 4,000 ची मर्यादा 2010 मध्ये 8,000 आणि 3 जानेवारी 2020 पासून 15,000 झाली. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 चा कायदा नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. ज्याच्याकडे राज्य विमा योजनेचे कार्ड आहे त्याची वाट वेगळी, त्याला तिकडून मिळते. पण मूळ गोष्ट तीच राहिली आहे. काम करताना हातपाय गेला तर चूक कुणाची हा प्रश्न नंतरचा. आधी द्यायचे.

आपण मात्र दवाखान्यात पोहोचताच तो प्रश्न पहिला विचारतो. घरातले म्हणतात नशीब, शेजारी म्हणतात बेपर्वाई, ठेकेदार म्हणतो माणुसकी. या तिन्ही शब्दांत हक्क हा शब्द कुठेच नसतो. नशिबावर माझा ईमान आहे. पाय गेला ते नशीब असेल. पायाचे पैसे बुडाले ते नशीब नव्हते. ते एका मास्तरने स्वच्छ अक्षरात लिहून दिले होते.

आजही लोक कागद घेऊन येतात. मी लिहून देतो. पण अपघाताचा असला की आधी चार गोष्टी सांगतो. कशावरही सही करू नका. दवाखान्याचा प्रत्येक कागद आणि हजेरीचा कसलाही पुरावा जपून ठेवा. मालकाला अपघाताची खबर लेखी द्या आणि तिची पोच घ्या. मुदत टळायच्या आत कामगारांचे काम जाणणाऱ्या वकिलाला किंवा युनियनला गाठा. काही लोकांना हे आवडत नाही. "मास्तर, फक्त लिहायचं होतं, इतकं कशाला विचारतोस?" असे म्हणतात. मी पेन खाली ठेवतो आणि त्यांना चहा सांगतो. मग पुन्हा विचारतो, हे असं लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं?